मुले सांभाळणाऱ्यांना कोण सांभाळणार?

व्यापाराच्या पानावर मुले सांभाळणाऱ्या बायकांचा विषय कशाला, असे काही वाचक बंधू म्हणतील. या पानावर सुताचा भाव येतो, जीएसटीची तारीख येते, यंत्रमागाच्या वीजदराची तक्रार येते. मीही सूत आणि टॉवेलचाच माणूस आहे. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी मी चाटी गल्लीत गिऱ्हाइकांशी बोलता बोलता शिकलो, तेव्हा लिहिण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावे. पण हा विषय मी कुठल्या सभेत ऐकलेला नाही. तो माझ्या हजेरीच्या वहीतून माझ्यापुढे आला, म्हणून याच पानावर मांडतो आहे.

गोष्ट २०२३ च्या डिसेंबरमधली. माझ्याकडे टॉवेलच्या कडा शिवणे, सुटे दोरे कापणे, घडी घालणे आणि पॅकिंग या कामाला अकरा बायका होत्या. थंडीचे दिवस, लग्नसराईचा माल, बाहेरगावचे व्यापारी रोज फोन करीत होते. आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून हजेरी घसरू लागली. कधी सात, कधी पाच. मी आधी मुकादमावर चिडलो. मग वाटले की शेजारच्या कारखान्याने दोन रुपये जास्त देऊन बायका फोडल्या असतील. आपल्या धंद्यात पहिला संशय नेहमी तिकडेच जातो. शेवटी एका बाईला विचारले. ती म्हणाली, "शेठ, अंगणवाडी बंद आहे. पोरगं कुणाच्या गळ्यात बांधून येऊ?"

पंचवीस वर्षांच्या कारोबारात माझ्या लक्षात न आलेली गोष्ट तिने एका वाक्यात सांगितली. माझा माल वेळेवर बांधला जातो, कारण कुठल्या तरी गल्लीत एका पत्र्याच्या खोलीत दुसरी एक बाई माझ्या कामगार बाईचे मूल सांभाळत बसलेली असते. तिला मी एक पैसा देत नव्हतो. तिचे नावही मला माहीत नव्हते.

महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ४ डिसेंबर २०२३ पासून संपावर गेल्या होत्या. तो संप ५२ दिवस चालला. सेविकेला २६ हजार आणि मदतनीसाला २० हजार मानधन, शिवाय पेन्शन आणि ग्रॅच्युइटी या त्यांच्या मागण्या होत्या. त्या वेळी सेविकेला १० हजार आणि मदतनीसाला साडेपाच हजार मिळत होते, आणि तेही त्याच वर्षी झालेल्या वाढीनंतर. संपात कामावरून कमी करण्याच्या नोटिसा निघाल्या, तरी बाया हटल्या नाहीत. पुढे २०२४ मध्ये मानधनात आणखी वाढ जाहीर झाली. वाढ झाली हे चांगलेच. पण पैशाची बाजू वर्तमानपत्रात आली, तब्येतीची आली नाही, म्हणून मी त्या बाजूवर लिहितो.

संप मिटल्यावर मी माझ्या घरच्यांना बरोबर घेऊन त्या अंगणवाडीत गेलो. नई जिंदगीच्या बाजूला एका बोळात भाड्याची खोली आहे. सेविका आपा त्या कामात बावीस वर्षे आहेत. आम्ही गेलो तेव्हा खोलीत पंचवीस-तीस मुले होती. कुणी रडत होते, कुणी झोपले होते, एकाने चड्डी ओली केली होती. मदतनीस बाई खिचडीच्या पातेल्यापाशी होती. आपा एका हाताने मूल धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर माहिती भरत होत्या, आणि नेट येत नव्हते. मधेच एक गरोदर बाई तिच्या घरच्या शिध्याची चौकशी करायला आली. मधेच एका मुलाचे वजन करायचे राहिले म्हणून काटा काढला. अर्ध्या तासात आपा जमिनीवर बसल्या आणि उठल्या, मी मोजले, सतरा वेळा. प्रत्येक वेळी उठताना त्या भिंतीचा आधार घेत होत्या.

"गुडघे गेले भाईजान," त्या हसत म्हणाल्या. मग सांगू लागल्या. कंबर दुखते ती मुले उचलून. आवाज बसतो तो सगळ्या खोलीला ऐकू जावे म्हणून ओरडून. पावसाळ्यात एका मुलाला सर्दी-खोकला झाला की आठवड्यात सगळ्यांना, आणि शेवटी त्यांना. खोलीला संडास नाही, म्हणून सकाळपासून पाणी कमी प्यायचे, त्यामुळे लघवीची जळजळ कायमची. हे सगळे शरीराचे. पण त्यांनी आवाज खाली करून सांगितले ते वेगळेच होते. रात्री झोप लागत नाही. डोळे मिटले की आठवते, अमक्या घरचा सर्वे राहिला, तमक्या मुलाचे वजन मागच्या महिन्यापेक्षा कमी आले, फोटो अपलोड झाला नाही. त्यांना चार वर्षांपासून ब्लडप्रेशरची गोळी आहे. मदतनीस बाईंना साखर आहे, आणि ती साडेपाच हजारांवर काम करत होती तेव्हाही तिच्या औषधाचा खर्च कुणी विचारला नव्हता.

डॉक्टरकी मला येत नाही, पण माझ्या ओळखीच्या एका डॉक्टर साहेबांनी हे मला धंद्याच्या भाषेत समजावले. अंगावर संकट आले की शरीर आतून तयारी करते, छाती धडधडते, रक्तदाब वर जातो, रक्तात साखर सुटते, म्हणजे पळायला किंवा लढायला ताकद मिळावी. संकट गेले की सगळे खाली येते. पण ज्याचे संकट दिवसातून वीस वेळा येते आणि कधी पूर्ण जातच नाही, त्याचे शरीर वरच्या वर अडकून बसते. यंत्रमाग चोवीस तास, सणावारीसुद्धा बंद न करता चालवला तर काय होते ते आपल्याला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा कामाच्या थकव्याला आपल्या रोगांच्या यादीच्या पुस्तकात जागा दिली. त्याला आजार म्हटले नाही, कामाच्या जागेवरून येणारी अवस्था म्हटले. म्हणजे त्याचे मूळ माणसात नाही, कामाच्या रचनेत आहे. त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: अंगातली शक्ती संपणे, कामाविषयी मन आंबणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. आपांच्या बोलण्यात मला तिन्ही ऐकू आल्या.

मुले सांभाळण्याच्या कामात एक गोष्ट अशी आहे जी आपल्या कामात नाही. आमच्या घडीवाल्या बाईला राग आला तर ती टॉवेल आपटते, टॉवेलला काही होत नाही. मुलासमोर राग गिळावा लागतो. घरी नवऱ्याशी भांडण झालेले असो, पोरगा नापास झालेला असो, दहा वाजता हसून दार उघडावे लागते. आणि मूल पडले, भाजले, आजारी पडले की गल्ली पहिल्यांदा तिलाच जाब विचारते. जबाबदारी सगळी तिची आणि अधिकार एकाही गोष्टीचा नाही. खोली कुठली घ्यायची, शिधा कधी यायचा, मोबाइलमध्ये काय भरायचे, हे सगळे दुसरे ठरवतात. डॉक्टर साहेब म्हणाले की माणसाला कामाच्या ओझ्याइतकाच हा प्रकार खातो. मला ते पटले. उधारीवर माल गेलेल्या व्यापाऱ्याला रात्री झोप का लागत नाही? पैसे त्याचे, पण फेडण्याची तारीख दुसऱ्याच्या हातात.

ओझे कसे चढत गेले तेही पाहा. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हाची कल्पना सरळ होती: सहा वर्षांखालची मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, त्यांचे खाणे, वजन, लस, आणि मुलांची थोडी शिकवण. त्याआधीपासून महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला मुलांच्या अंगणात शाळा नेऊन दाखवली होती. अंगणवाडी हा शब्दच त्या कामातून आला. त्यात बाईने मुलांजवळ बसणे हेच मुख्य होते. आता ती मुलांजवळ किती बसते? करोनात २०२० साली 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चा सर्वे तिने केला. कित्येक सेविकांकडे मतदार यादीचे काम असते. २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे अर्ज भरायला तीच होती, एका अर्जामागे ५० रुपये जाहीर झाले. पुढे त्याच योजनेच्या तपासणीलाही तिलाच दारोदार पाठवायचे ठरले. ज्या बाईने जुलैमध्ये शेजारणीचा अर्ज भरून दिला, तिनेच नंतर जाऊन तू यात बसत नाहीस असे सांगायचे. मोहल्ल्यात राहणाऱ्या बाईसाठी हे किती कठीण आहे ते शहरात बसून समजत नाही.

आणि मोबाइल. २०१९ मध्ये दिलेले फोन कमी मेमरीचे होते, त्यात पोषण ट्रॅकर हे ॲप आले, तेही इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या हजारो सेविकांनी ते फोन परत केले होते. नंतर नवे फोन आले, मराठीचीही सोय झाली, पण त्याबरोबर नवे कामही आले. जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा शिधा घेणाऱ्या बाईचा चेहरा फोनवर ओळखला गेला पाहिजे असा नियम झाला. आमच्या उर्दू शाळेत शिकलेल्या, पन्नाशीच्या बायांना हा फोन म्हणजे परीक्षेचा पेपर आहे. जीएसटीचे पोर्टल सुरू झाले तेव्हा आपल्यातले किती जण घाबरून अकाउंटंटकडे धावले होते ते आठवा. तिला अकाउंटंट नाही. ती शेजारच्या दहावीतल्या मुलीला हाक मारते.

सरकारच्या कागदावर ती मानसेवी आहे. तिच्या पैशाला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. कर्मचारी म्हटले की वैद्यकीय रजा, फंड, पेन्शन सगळे मागे येते, म्हणून हा शब्द शोधलेला दिसतो. सुप्रीम कोर्टाने २५ एप्रिल २०२२ ला निकाल दिला की सेविका आणि मदतनीस १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली येतात. गुजरातमधल्या सेविकांचा तो खटला होता. निकाल झाला, तरी पुढच्याच वर्षीच्या संपात ग्रॅच्युइटीची मागणी करावी लागली, यावरून काय समजायचे ते समजावे.

इथपर्यंत सरकारवर बोट दाखवणे सोपे होते. आता आपल्याकडे येऊ.

आपल्या मोहल्ल्यांत उर्दू बालवाड्या, नर्सरी चालतात. काही ट्रस्टच्या, काही मस्जिदीच्या बाजूच्या हॉलमध्ये, काही कुणाच्या घरच्या ओसरीत. तिथे शिकवणाऱ्या बाजींना काय मिळते हे आपण कधी विचारले आहे का? मी चार ठिकाणी विचारले. जे आकडे ऐकले ते इथे लिहायची मला लाज वाटते, एवढेच सांगतो की अंगणवाडीच्या मदतनीसापेक्षाही ते कमी होते. चाळीस-चाळीस मुले एका बाजीकडे. आजारी पडली तर त्या दिवसाचे पैसे कापतात. मे महिन्यात सुट्टी, म्हणून मे महिन्याचे काहीच नाही. तिने तक्रार केली तर म्हणतात, सवाबचे काम आहे. इमारतीच्या फरशीसाठी आपण पावती फाडतो, दारावर नावाची पाटी लागते. बाजीच्या पगारासाठी पावती फाडायला कुणी पुढे येत नाही, कारण पगारावर पाटी लावता येत नाही. यात मीही आहे. एका बालवाडीच्या पंख्यांवर माझ्या मरहूम वालिदांचे नाव आहे. त्या पंख्यांखाली बसणाऱ्या बाजीचे नाव मला मागच्या वर्षी कळले.

आणखी एक कबुली. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई दीड वर्षाच्या मुलीला घेऊन कामावर येत असे. मूल टॉवेलच्या गठ्ठ्यावर झोपत असे. मी मना केले. मालाला डाग पडतील हे कारण दिले होते, धोक्याचा विचारही तेव्हा मनात नव्हता. तिने आठ दिवसांत काम सोडले. नंतर कळले की ती घरी विड्या वळू लागली. सोलापुरात हजारो बायकांनी हाच रस्ता घेतला आहे, त्यात आपल्या बायका कमी नाहीत. विडीचे काम घरात होते म्हणून मूल डोळ्यांसमोर राहते, पण ते तंबाखूच्या धुळीत राहते, आणि हजार विड्या पुऱ्या करायच्या तर सांभाळायचे काम सात-आठ वर्षांच्या मोठ्या बहिणीवर किंवा म्हाताऱ्या नानीवर पडते. मुले सांभाळणाऱ्यांच्या तब्येतीचा हिशोब करायचा तर या नानीला आणि त्या बहिणीलाही त्यात धरले पाहिजे. त्यांना तर मानधनही नाही.

१८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली. आठ जीव गेले, त्यात एक वर्षाचे बाळ होते. तो दिवस सोलापूरचा कुठलाही टॉवेलवाला विसरणार नाही. त्यानंतर कारखान्यात लहान मूल नको हे कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. सूत, रुईची धूळ, वायर, हे मुलाचे ठिकाण नव्हे. पण मग मूल जाणार कुठे, हा प्रश्न तिथेच उभा आहे.

कायद्यात पाळणाघराची तरतूद जुनी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात ३० पेक्षा जास्त स्त्रिया असतील तर मालकाने पाळणाघर ठेवायचे होते. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात ५० कामगारांची अट आली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० कामगारांचाच आकडा आहे. आपल्यातले बहुतेक जण आठ, दहा, पंधरा माणसांवर धंदा करतात. कायदा आपल्याला हात लावत नाही, आणि ज्यांना लावतो ते २९ आणि ४९ वर थांबण्याची कला जाणतात. खुलासा करायची गरज नाही. बांधकामावरच्या मजुरांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत तंबूत पाळणाघर सुरू केले होते, त्याचे मोबाइल क्रेशेस झाले आणि ते काम पुढे मुंबईतही आले. तंबूत होऊ शकते तर आपल्या गल्लीत का होऊ नये?

मी हिशोब केला तो असा. सरकारच्या जुन्या पाळणाघर योजनेत २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस असा मेळ होता. मी म्हणतो आपण १५ मुलेच घेऊ आणि दोघींना सारखेच, बारा-बारा हजार देऊ. २४ हजार झाले. खोलीचे भाडे ५ हजार, दूध-खिचडी-साबण ६ हजार. एकूण ३५ हजार. एका गल्लीत दहा कारखाने मिळाले तर एकाला महिना साडेतीन हजार पडतात. २६ दिवसांनी भागले तर दिवसाला १३५ रुपयांच्या आत. २०२३ च्या त्या डिसेंबरमध्ये माझ्या दोन ऑर्डरी उशिरा गेल्या, एका व्यापाऱ्याने बिलातून कापून घेतले ते एवढ्या वर्षभराच्या हिश्श्यापेक्षा जास्त होते. वही माझ्याकडे आहे, कुणीही येऊन पाहावी.

पण त्या दोघींनाही आपण आपांसारखेच झिजवणार असू तर हे पाळणाघर न काढलेले बरे. म्हणून माझा आग्रह असा की ३५ हजारांत बदली बाईचे दोन हजार धरून ३७ करावेत, म्हणजे आठवड्यातून अर्धा दिवस आळीपाळीने दोघींना मोकळा मिळेल आणि आजारपणात पैसे कापले जाणार नाहीत. खोलीत संडास पाहिजे. बसायला दोन खुर्च्या पाहिजेत. मुले जमिनीवर असतात म्हणून बाईनेही दिवसभर जमिनीवर बसावे असे कुठे लिहिले आहे? सहा महिन्यांनी ब्लडप्रेशर आणि साखर तपासून घ्यावी, आपल्या मार्केटमध्ये कॅम्प होतात तेव्हा व्यापाऱ्यांच्या रांगेत त्यांनाही उभे करावे. आणि मूल न्यायला उशीर करणाऱ्या आईला नव्हे, तिला उशिरापर्यंत थांबवणाऱ्या मालकाला दंड असावा. हे शेवटचे कलम ऐकून माझा एक मित्र उठून गेला.

काही बंधू म्हणतात, हे सरकारचे काम आहे, आपण कर भरतो. बरोबर आहे, सरकारनेच करावे, आणि अंगणवाडीच्या बायांनी त्यासाठी भांडावे, आपणही त्यांच्या बाजूने बोलावे. पण गल्लीतला दिवा गेला तर आपण महानगरपालिकेला अर्जही देतो आणि तोवर दुकानासमोर बल्बही लावतो.

आमच्या गल्लीतल्या नऊ जणांशी बोलणे झाले. चार जण तयार आहेत, तीन जण ईदनंतर सांगतो म्हणाले, दोघांनी विषय बदलला. आपा काही महिन्यांत अंगणवाडीतून निवृत्त होणार आहेत, त्या सुरुवातीला दोन तास येऊन नव्या बाईला शिकवायला राजी झाल्या आहेत. जागा बघणे चालू आहे. एक वरच्या मजल्यावरची स्वस्तात मिळत होती, पण ती सोडली. तळमजलाच पाहिजे, आपांना जिना चढवत नाही.